सहायक प्राध्यापकाची जागा भरताना: आधी आठवडा मांडा, मग मुलाखत घ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. फिजिओथेरपी विभागाची सूत्रं नुकतीच तुमच्याकडे आली आहेत आणि सहायक प्राध्यापकाची एक जागा भरायची आहे. याआधी त्याच जागेवर नेमलेले दोघे लागोपाठ दोन वर्षांच्या आत सोडून गेले. आलेले अर्ज कागदावर सारखेच दिसतात. समितीतल्या ज्येष्ठांना शोधनिबंध मोजायचे आहेत, क्लिनिकवाल्यांना पेशंट बघायला माणूस हवा आहे, आणि तुम्ही माझ्याकडे मुलाखतीच्या प्रश्नांची यादी मागितली आहे. शिवाय विभागात तात्पुरत्या नेमणुकीवर असलेल्या सहकाऱ्यानेही अर्ज केला आहे, त्याचं काय करायचं हा पेच आहेच.

यादी देते, पण जरा पुढे. एकाच जागेवरून लागोपाठ दोन माणसं गेली असतील तर मी आधी जागा तपासेन, माणसं मागाहून. दोघे गेले कुठे? खासगी प्रॅक्टिसकडे गेले असतील तर अडचण बहुधा पगाराची किंवा क्लिनिकच्या ओझ्याची. दुसऱ्या विद्यापीठात त्याच पदावर गेले असतील तर अडचण तुमच्या विभागात आहे आणि मुलाखतीत कितीही चांगले प्रश्न विचारले तरी ती सुटणार नाही. त्यांना फोन करा. राजीनाम्यात ‘वैयक्तिक कारणास्तव’ असं लिहिणारा माणूस काही महिन्यांनी फोनवर बराच मोकळा बोलतो.

मग एक कोरा कागद घ्या आणि नव्या माणसाचा सोमवार ते शुक्रवार मांडा. अर्ध्या दिवसाचा एक चौकोन धरला तर आठवड्याचे १० चौकोन होतात. आता ते भरा. ४ चौकोन ओपीडी आणि वॉर्ड. ३ चौकोन लेक्चर, प्रॅक्टिकल आणि त्यांची तयारी. पहिल्या वर्षी शिकवण्यापेक्षा तयारीलाच जास्त वेळ जातो, कारण हाताशी जुनी एकही स्लाइड नसते. एक चौकोन विद्यार्थ्यांचे प्रोजेक्ट आणि थिसिसचे खर्डे. एक चौकोन बैठका, परीक्षेची कामं आणि फायली. उरला एक. संशोधनाची जुळवाजुळव, एथिक्स कमिटीचा अर्ज, पेशंट गोळा करणं, डेटा, लेखन, ग्रँटसाठीची धावपळ, हे सगळं त्या एका चौकोनात बसवायचं. आणि जाहिरातीत आपण लिहितो, ‘उमेदवाराने स्वतंत्र संशोधन कार्यक्रम उभारणे अपेक्षित आहे.’ प्रोबेशन संपताना विचारतो, पेपर किती झाले?

हा कागद समितीच्या पहिल्याच बैठकीत सगळ्यांसमोर ठेवा. क्लिनिकवाले आणि संशोधनवाले यांचं जे काही भांडण व्हायचं ते उमेदवार समोर नसताना होऊन जाऊ दे. नाहीतर ते मुलाखतीत होतं. एक जण विचारतो, ‘आठवड्याला किती पेशंट बघाल?’, दुसरा विचारतो, ‘ग्रँट कधी आणाल?’, आणि शहाणा उमेदवार दोन्ही उत्तरं देऊन दुसरीकडे रुजू होतो.

भांडण जुनंच आहे म्हणा. १९१३ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने जनरल एज्युकेशन बोर्डाच्या, म्हणजे रॉकफेलरच्या पैशांवर क्लिनिकल विभागांत पूर्णवेळ प्राध्यापकांची पद्धत आणली: पगार विद्यापीठाचा, खासगी पेशंटची फी घ्यायची नाही. हॉपकिन्सचे जुने प्राध्यापक आणि तोवर ऑक्सफर्डला गेलेल्या विल्यम ऑस्लर यांनी या कल्पनेला कसून विरोध केला होता. प्राध्यापक प्रयोगशाळेत रमतील आणि पेशंटपासून तुटतील, अशी त्यांना धास्ती होती. दोन्ही बाजूंचे मुद्दे आजही तसेच्या तसे ऐकायला मिळतात. निदान तुमच्या विभागाने या एका जागेपुरतं तरी ठरवून टाकावं.

ठरवायचं म्हणजे काय, तर या माणसाकडून मुख्यतः काय हवं आहे ते एका वाक्यात लिहायचं. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ अर्नेस्ट बॉयर यांनी १९९० मध्ये प्राध्यापकाच्या विद्वत्तेचे चार प्रकार मांडले: नवा शोध, ज्ञानाची सांगड, प्रत्यक्ष उपयोग आणि अध्यापन. एकाच नवख्या माणसात चारही मागितले तर चारही अर्धवट मिळतात. संशोधक हवा असेल तर त्याचा वेळ राखून ठेवावा लागतो आणि तो किती, याचा एक अंदाज एनआयएच या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेच्या नियमांतून येतो. नवख्या चिकित्सक-संशोधकांसाठीच्या के-०८ आणि के-२३ या अनुदानांत किमान ७५ टक्के वेळ संशोधनाला देण्याची अट आहे. शस्त्रक्रियेच्या शाखांना ती ५० टक्क्यांपर्यंत शिथिल होते. तुम्हाला ७५ टक्के परवडणार नाहीत, ते कळतं. पण १० टक्के वेळ देऊन ७५ टक्क्यांच्या निकालाची वाट बघू नका. चांगला शिक्षक-चिकित्सक हवा असेल तर तसं स्पष्ट लिहा आणि बढतीचे निकषही त्याला धरून ठेवा. त्यात कमीपणा काही नाही.

जाहिरातीबद्दल एवढंच सांगते की ‘आवश्यक’ या मथळ्याखाली कायद्याने आणि व्यावसायिक परिषदेने सक्तीची केलेली पात्रता, शिवाय फार तर दोन-तीन गोष्टी असाव्यात. बाकी सगळं ‘असल्यास उत्तम’. अटींची रांग लावली की प्रामाणिक माणूस अर्जच करत नाही, आणि ज्याला स्वतःबद्दल कधी शंका येत नाही तो हमखास करतो.

आता छाननी. कागदावर सगळे सारखे दिसतात असं तुम्ही म्हणता, कारण सगळ्यांच्या बायोडेटात एकच आकडा बघितला जातो आहे. शोधनिबंधांची नुसती संख्या आपल्या क्षेत्रात फार फसवी असते. जैवसंख्याशास्त्रज्ञाचं नाव ४० पेपरांत मधोमध असू शकतं आणि त्या प्रत्येकाचं विश्लेषण खरोखर त्याने केलेलं असू शकतं. नर्सिंगमध्ये गुणात्मक संशोधन करणारी मुलगी मुलाखती घेण्यात, त्या उतरवून काढण्यात दोन वर्षं घालवते आणि तिचे पेपर होतात तीन. बाराव्या क्रमांकावर नाव असलेल्या माणसाने कधीकधी फक्त पेशंट पाठवलेले असतात. वैद्यकीय जर्नल्सच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती, आयसीएमजेई, लेखक म्हणवून घ्यायला चार अटी घालते: कामात भरीव वाटा, मजकूर लिहिण्यात किंवा चिकित्सकपणे सुधारण्यात भाग, अंतिम मसुद्याला मान्यता आणि पूर्ण कामाची जबाबदारी. चारही पाळून लावलेली नावं किती, हे आपल्या व्यवसायातल्या कुणालाही वेगळं सांगायला नको.

इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे जर्नलमधल्या लेखांचा इतरांनी सरासरी किती वेळा संदर्भ दिला तो आकडा, हाही बाजूला ठेवा. तो जर्नलचा आकडा आहे, माणसाचा नाही. २०१२ च्या डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्कोत बसून संपादकांनी आणि प्रकाशकांनी जो जाहीरनामा तयार केला, ज्याला सगळे ‘डोरा’ म्हणतात, त्याचं मुख्य म्हणणं हेच आहे की नेमणूक, बढती आणि अनुदान यांसाठी जर्नलचे आकडे वापरू नयेत. एच-इंडेक्स (तो १० असेल तर माणसाच्या किमान १० पेपरांचा प्रत्येकी किमान १० वेळा संदर्भ दिला गेला आहे) पदार्थवैज्ञानिक होर्हे हिर्श यांनी २००५ मध्ये सुचवला. तो वयाबरोबर वाढतच जातो, कमी होत नाही. तिशीतल्या उमेदवारांची तुलना त्यावर करणं म्हणजे पीएचडी कोणी आधी संपवली एवढंच मोजणं.

त्याऐवजी प्रत्येकाकडून स्वतःच्या मते सगळ्यांत महत्त्वाची तीन कामं मागवा आणि प्रत्येकावर अर्धं पान: प्रश्न काय होता, तुमचा स्वतःचा वाटा कोणता, आणि त्यामुळे कुणाच्या कामात काय बदललं. पेपरमध्ये कोणी काय केलं हे सांगणारी, क्रेडिट नावाची १४ भूमिकांची एक पद्धत बरीच जर्नल्स वापरतात (कल्पना, डेटा गोळा करणं, विश्लेषण, पहिला खर्डा वगैरे), तीच शब्दावली वापरायला सांगा. हे अर्धं पान वाचलं की सारखे दिसणारे बायोडेटा वेगळे दिसायला लागतात. ‘आम्ही केलं’, ‘आमच्या गटाने दाखवलं’ असंच पानभर लिहिणारा आणि ‘नमुन्याचा आकार मी चुकीचा धरला होता, परीक्षकाने तो दाखवून दिला’ असं लिहिणारा, या दोघांत मी कुणाला बोलावेन ते सांगायला नको. पैसे भरून दोन आठवड्यांत छापणाऱ्या जर्नलांतले पेपर दिसले तर मात्र लगेच फुली मारू नका. पहिले एक-दोन असतील तर गाइडने तिकडे ढकललेलं असतं. सगळेच तसे असतील तर ती सवय आहे.

शिफारसपत्रं मी वाचते, पण त्यांवर गुण देत नाही. फ्रान्सिस ट्रिक्स आणि कॅरोलिन सेन्का यांनी अमेरिकेतल्या एका मोठ्या मेडिकल स्कूलच्या प्राध्यापक नेमणुकांसाठी आलेली ३०० हून जास्त पत्रं तपासली; तो अभ्यास २००३ मध्ये छापून आला. स्त्रियांसाठीची पत्रं सरासरीने आखूड होती, शंका उत्पन्न करणारी वाक्यं त्यांत जास्त होती, पुरुषांबाबत ‘त्यांचं संशोधन’ यायचं आणि स्त्रियांबाबत ‘त्यांचं शिकवणं’. त्याआधी १९९७ मध्ये क्रिस्टीन वेनेरोस आणि अॅग्नेस वोल्ड यांनी स्वीडनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरच्या, फेलोशिपचे गुण बाहेर काढले, तेव्हा पुरुषाइतके गुण मिळवायला स्त्रीला जवळजवळ अडीच पट काम दाखवावं लागत होतं. समितीतल्या कुणाशी ओळख असणं हाही त्यात मोठा फायदा ठरला होता. स्वीडनमध्ये ही गत. तेव्हा ‘आमच्या समितीत असं होत नाही’ हे वाक्य कुणी उच्चारलं तर मंद हसा आणि गुणपत्रक पुढे सरकवा.

पत्रापेक्षा फोन करा, पण ‘कशी आहे मुलगी?’ असं विचारू नका. उत्तर ‘फार छान’ असंच येतं. विचारा, ‘पहिल्या वर्षी तिला आमच्याकडून कशाची मदत लागेल?’ किंवा ‘शेवटचे तिचे आणि तुमचे मतभेद कशावरून झाले?’ पलीकडे जी शांतता पसरते ती, आणि तिच्यानंतरचं वाक्य, लिहून घ्या. प्रत्येक उमेदवाराच्या रेफरन्सला तेच प्रश्न विचारा.

आता मुलाखत. कामावर कोण कसं उतरेल याचा अंदाज बांधणाऱ्या पद्धतींचा पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये जो फेरआढावा घेतला, त्यात ठरलेल्या प्रश्नांची, ठरलेल्या निकषांवर गुण देणारी मुलाखत सगळ्यांत वर आली. गप्पांसारखी मुलाखत बरीच खाली. समितीतल्या ज्येष्ठांना हे पटवणं जड जातं, कारण ‘माणूस बघताक्षणी कळतो’ यावर त्यांची श्रद्धा असते. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्येच दाखवलं होतं की अधिकारी हाताखालच्या लोकांना गुण देताना एका गोष्टीतलं मत बाकी सगळ्या गोष्टींवर पसरवतात. स्पष्ट उच्चार, ठाम आवाज आणि प्रसिद्ध संस्थेचं नाव यांचं मुलाखतीत नेमकं तेच होतं.

म्हणून सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने. प्रत्येक सदस्य आपले गुण चर्चेआधी लिहून देतो. चर्चेत सगळ्यांत कनिष्ठ सदस्य आधी बोलतो आणि तुम्ही, विभागप्रमुख म्हणून, सगळ्यांत शेवटी. एवढं केलं तरी निम्मं काम होतं.

मी विचारते ते काही प्रश्न असे. वॉर्डमध्ये तुमच्या विद्यार्थ्याकडून चूक झाली, पेशंटला इजा झाली नाही, आणि विद्यार्थी फक्त तुम्हाला सांगतो आहे. पुढच्या तासाभरात तुम्ही काय कराल? एक वरिष्ठ सहकारी काम न करता पेपरवर नाव मागतो आहे; त्याला कोणत्या शब्दांत उत्तर द्याल? पहिल्या सहामाहीत तुम्हाला न येणारा विषय शिकवायला दिला तर तयारी कशी कराल, अगदी पहिल्या आठवड्यापासून सांगा. वर्गातले निम्मे विद्यार्थी अंतर्गत परीक्षेत नापास झाले; दोष कुणाचा हे कसं शोधाल? आणि शेवटी: कोणतं काम तुम्ही अर्धवट सोडून दिलंत, आणि का? ‘पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता’ हा प्रश्न मात्र कायमचा गाडून टाका. त्याचं उत्तर सगळ्यांना पाठ असतं. लग्न, मुलं, जोडीदाराची नोकरी हे कुणालाही, कोणत्याही निमित्ताने, चहाच्या वेळीसुद्धा विचारू नका.

मुलाखतीपेक्षा माझा भर शिकवून दाखवण्यावर असतो. सगळ्यांना एकच विषय, २० मिनिटं, आणि समोर खरे विद्यार्थी. प्राध्यापकांसमोर नाही, प्राध्यापकांसमोर उमेदवार प्राध्यापकांसाठी बोलतो. मी बहुतेक वेळा चाचणीची संवेदनशीलता (आजाऱ्यांतले किती ती पकडते) आणि विशिष्टता (निरोगी लोकांतल्या किती जणांना ती निरोगी म्हणते) हा विषय देते, कारण तो आरोग्यविज्ञानाच्या प्रत्येक शाखेत लागतो आणि त्यात एक नेमकी खाच आहे. एका विद्यार्थ्याला आधीच सांगून ठेवायचं की मध्येच विचार: ‘चाचणी ९० टक्के अचूक आहे, माझा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, म्हणजे मला आजार असण्याची शक्यता ९० टक्के ना?’ काही उमेदवार ‘नाही, ते पॉझिटिव्ह प्रेडिक्टिव्ह व्हॅल्यूवर अवलंबून असतं’ म्हणून पुढची स्लाइड काढतात. उत्तर बरोबर आहे, पण वर्गाला काही कळलेलं नसतं. ज्याला शिकवता येतं तो खडू उचलतो. हजार माणसं घेऊ, त्यांतल्या १ टक्क्याला, म्हणजे १० जणांना आजार आहे. चाचणी त्यांतले ९ पकडेल. उरलेल्या ९९० निरोगी माणसांतल्या ९९ जणांनाही ती चुकून पॉझिटिव्ह म्हणेल. एकूण पॉझिटिव्ह १०८, खरे आजारी ९. ‘आता सांगा, शक्यता किती?’ विद्यार्थी स्वतः भागाकार करतात आणि ८ टक्के येतात तेव्हा वर्गात चुळबुळ होते. उमेदवार त्या चुळबुळीसाठी थांबतो की घड्याळ बघून पुढे जातो, तेही बघा.

आधीच्या नोकरीतल्या विद्यार्थ्यांचे अभिप्राय-गुण उमेदवार अभिमानाने जोडतात. बॉब अटल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये उपलब्ध अभ्यास एकत्र करून तपासले तेव्हा या गुणांचा आणि विद्यार्थी प्रत्यक्षात किती शिकले याचा संबंध दिसला नाही. त्यांना फार वजन देऊ नका.

संशोधक हवा असेल तर स्लाइडशिवाय, फक्त फळ्यावर अर्धा तास पुढच्या तीन वर्षांचं काम मांडायला सांगा. झालेल्या कामाचं भाषण गाइडच्या कृपेने चकचकीत होऊ शकतं. पुढचं काम फळ्यावर उसनं आणता येत नाही. माझा ठरलेला प्रश्न पेशंटच्या संख्येचा. उमेदवार म्हणतो, १२० पेशंटवर उपचाराची चाचणी (ट्रायल) करणार. महिन्याला किती पात्र पेशंट येतात? चार. त्यातले संमती किती देतील? निम्मे. म्हणजे महिन्याला दोन, म्हणजे ६० महिने, म्हणजे पाच वर्षं, तीही कुणी मध्येच सोडून गेलं नाही तर. हा हिशोब समोर आल्यावर जो म्हणतो ‘मग प्रश्नच लहान करावा लागेल’ किंवा ‘दुसऱ्या केंद्राला बरोबर घ्यावं लागेल’, तो तुमच्याकडे टिकेल. जो म्हणतो ‘करू काहीतरी’, तो त्या एका चौकोनात बुडेल.

तुमच्या तात्पुरत्या सहकाऱ्याबद्दल. त्याला सवलत नको आणि शिक्षाही नको. बाहेरचा उमेदवार फक्त त्याच्या सर्वोत्तम दिवशी दिसतो. घरच्याचे वाईट दिवसही सगळ्यांनी पाहिलेले असतात. शिवाय उलटही होतं, ‘इतकी वर्षं राबतोय बिचारा’ म्हणून. त्याच्याकडूनही तीच तीन अर्धी पानं, तेच २० मिनिटांचं शिकवणं, तोच फळा. त्याच्याबरोबर पेपर लिहिलेला कुणी समितीत असेल तर त्याने बाजूला व्हावं. जाहिरात फक्त त्याच्यासाठीच काढायची असेल तर बाहेरच्यांना बोलावून त्यांचा दिवस वाया घालवू नका. उमेदवारांना ते कळतं, आणि पुढच्या वेळी चांगले लोक अर्जच करत नाहीत.

निवड झाली की घाई करायची ती लेखी देण्याची. पगारात तुम्ही खासगी प्रॅक्टिसशी स्पर्धा करू शकणार नाही, वेळेत करू शकता. नियुक्तिपत्राबरोबर तो १० चौकोनांचा कागद जोडा, पहिल्या आणि दुसऱ्या वर्षासाठी वेगवेगळा. ‘संशोधनासाठी पुरेसा वेळ दिला जाईल’ या वाक्याला काही अर्थ नाही. ‘मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी ओपीडी नाही, त्या वेळी अमुक पदावरची व्यक्ती पेशंट बघेल’ याला आहे. त्या वेळी पेशंट कोण बघणार हे लिहिलेलं नसेल तर पहिल्याच फ्लूच्या साथीत तो वेळ गेला म्हणून समजा. पहिल्या सहामाहीत नवा विषय एकच द्या. बसायची जागा, संगणक, सांख्यिकीचं सॉफ्टवेअर, पेशंटच्या नोंदी पाहण्याची परवानगी हे सगळं रुजू होण्याआधी तयार हवं. व्यावसायिक परिषदेची नोंदणी नव्या ठिकाणी करून घ्यायला कधीकधी महिने लागतात आणि ती होईपर्यंत माणूस पेशंटला हात लावू शकत नाही, म्हणून ते काम होकार आला त्याच दिवशी सुरू करा. मार्गदर्शक म्हणून शक्यतो दुसऱ्या विभागातलं कुणी द्या. ज्याच्या हातात बढतीचा अहवाल आहे त्याच्याकडे कुणी अडचणी मोकळेपणाने सांगत नाही. म्हणजे तुम्ही नको.

कुणीच जमेना असं झालं तर? जागा परत जाईल या भीतीने दुसऱ्या पसंतीच्याही खालचा माणूस घेण्याची पद्धत आहे. मी तसं करणार नाही. सहा महिने अर्धवेळ चिकित्सकांकडून प्रॅक्टिकल चालवून घ्या, एक ऐच्छिक विषय वर्षभर बंद ठेवा आणि जाहिरात पुन्हा काढा. पण त्याआधी १० चौकोनांचा कागद पुन्हा उघडून बघा. पहिल्या फेरीत तुमच्या अपेक्षेप्रमाणे कुणी आलं नसेल तर बहुधा चार चौकोनांची ओपीडी तीनवर आणावी लागेल, आणि त्यासाठी जाहिरातीआधी क्लिनिकच्या प्रमुखांशी एक बैठक घ्यावी लागेल.